मूळ चित्रं ऑनलाइन विकताना: फोटोतला रंग, बबलरॅपचे ठसे आणि खोक्याचं वजन

ओला_कॅनव्हास

जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. प्रिंट्सचा विषय नको, फक्त मूळ चित्रं. काम बहुतेक अॅक्रिलिकमध्ये, थोडं तैलरंगात. ताणलेला कॅनव्हास, चौकटीची जाडी ४ सेंमी. आकार ३०×४०, ५०×६० आणि ८०×१०० सेंमी.

अडचणी अशा:

१) निळे रंग फोटोत जांभळट येतात आणि टर्कॉइज मेलेला दिसतो. फोटो फोनवर काढलेले, खिडकीजवळ, खोलीतला दिवा चालू ठेवून. एडिटिंगमध्ये निळा सुधारला की बाकीचं चित्र हिरवट होतं.

२) अॅक्रिलिक चित्रावर बबलरॅपचे गोल गोल ठसे उमटले. चित्र पंधरा दिवस वाळलेलं होतं आणि त्यावर पाण्यातलं ग्लॉस व्हार्निश होतं. बबल आतल्या बाजूला ठेवायचे की बाहेरच्या, यावर दहा जण दहा सल्ले देतात.

३) ८०×१०० चं कुरिअर मागितलं की आकडा ऐकूनच गिऱ्हाईक गप्प होतं. हा खर्च किमतीत धरायचा की वेगळा लावायचा? आणि मुळात आकारानुसार किंमत बांधायची कशी? वेबसाइटचं कमिशन ४० टक्के, गॅलरीचं ५०.

---

करडा_पत्ता

पहिल्या मुद्द्यावर लिहितो, बाकीचं इतर सांगतील.

एडिटिंगमध्ये काही होणार नाही, कारण चूक प्रकाशात आहे. खिडकीतला उजेड निळसर आणि दिवा पिवळट. म्हणजे चित्राच्या डाव्या भागाचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी) वेगळा आणि उजव्या भागाचा वेगळा. एकच सुधारणा दोन्हीकडे लागू होत नाही, म्हणून एक रंग ओढला की दुसरा बिघडतो. एकतर दिवा बंद करा, नाहीतर पडदा लावून फक्त दिव्यांवर काम करा. दुसरा मार्ग बरा. उजेड रोज सारखा मिळतो आणि ढगांची वाट बघावी लागत नाही.

दोन एकसारखे एलईडी दिवे घ्या, एकाच मॉडेलचे. ५००० ते ५६०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, हा दिवसाच्या उजेडाजवळचा), सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर. खोक्यावर आर९ चा (गडद लालचा) आकडा दिलेला असेल तर तो जरूर बघा. सीआरआयच्या सरासरीत गडद लाल धरलेला नसतो, त्यामुळे सीआरआय चांगला असूनही लाल रंग मातकट येऊ शकतो. दिवे चित्राच्या दोन बाजूंना, ४५ अंशांत, चित्राच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर. जवळ आणले तर कडा उजळ आणि मध्य काळपट होतो. एक पांढरा कागद चारही कोपऱ्यांत आणि मध्ये धरून प्रत्येक ठिकाणी फोटो घ्या आणि पांढऱ्याचा आकडा ताडून बघा. फरक एक-तृतीयांश स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) जास्त असेल तर दिवे हलवा.

कॅमेरा चित्राला समांतर आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका. चित्राच्या मध्यभागी एक छोटा सपाट आरसा टेकवा. व्ह्यूफाइंडरमधून बघताना आरशाच्या बरोबर मधोमध तुमचीच लेन्स दिसली की कॅमेरा काटकोनात आहे. चित्राचा चौकोन समलंब झाला आणि मग सॉफ्टवेअरने ओढून सरळ केला, की कडेचे फटकारे फिस्कटतात. हा आरसा तो त्रास वाचवतो.

कॅमेरा असेल तर ५० ते ८५ मिमी लेन्स, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), रॉ फाइल (कॅमेऱ्याने न सुधारलेला कच्चा फोटो), ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. फोनच असेल तर १एक्स लेन्सने जवळून काढू नका, कडा फुगतात. मागे सरका आणि २एक्स किंवा ३एक्स वापरा. ऑटो एचडीआर (फोन उजेड-सावली आपणहून जुळवतो ती सोय) बंद, व्हाइट बॅलन्स लॉक, आणि रॉ साठवणारं अॅप. फोनची नेहमीची जेपीईजी रंग आपणहून भडक करते. पहिल्या फोटोत चित्राशेजारी १८ टक्के करडं कार्ड ठेवा, व्हाइट बॅलन्स त्यावरून घ्या आणि तोच पुढच्या सगळ्या फोटोंना लावा. अंगात काळे कपडे. लाल शर्टाची झाक ओल्या दिसणाऱ्या व्हार्निशवर हमखास उतरते.

आता निळ्याबद्दल. अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट निळा थोडा गडद लाल प्रकाशही परावर्तित करतात. आपल्या डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो, पण कॅमेऱ्याचा सेन्सर तो नोंदवतो आणि निळा जांभळ्याकडे झुकतो. त्यासाठी २४ चौकटींचं कलर कार्ड घेऊन त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल (रंगसुधारणेची फाइल) बनवा. नाहीतर रॉ एडिटरमध्ये फक्त निळ्या पट्ट्याचा ह्यू (रंगछटा) थोडा सियानकडे (हिरवट निळ्याकडे) सरकवा, बाकी रंगांना हात न लावता.

टर्कॉइजचं दुखणं निराळं. थॅलो टर्कॉइज, कोबाल्ट टील यांच्या सर्वांत तेजस्वी छटा एसआरजीबीच्या (वेबवरच्या नेहमीच्या रंगव्याप्तीच्या) मर्यादेबाहेर पडतात. पडद्यावर त्या दिसूच शकत नाहीत, कितीही ओढल्या तरी. फ्लुरोसंट रंगांचंही तेच. अशा चित्राच्या वर्णनात सरळ लिहा: "टर्कॉइज भाग प्रत्यक्षात पडद्यापेक्षा अधिक तेजस्वी आहे." असं लिहिल्याने विक्री अडत नाही. उलट चित्र हातात आल्यावर तक्रार येत नाही.

एक्स्पोर्ट करताना एसआरजीबीत बदला आणि प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्या. अॅडोब आरजीबीतली (त्याहून मोठ्या रंगव्याप्तीतली) फाइल तशीच चढवली तर बऱ्याच पडद्यांवर चित्र धुतल्यासारखं दिसतं. लांब बाजू २००० ते २५०० पिक्सेल पुरे. तुमचा स्वतःचा मॉनिटर खूप उजळ असेल तर तुम्ही नकळत फोटो काळपट करून ठेवता. उजेड १२० कँडेला प्रति चौमीच्या आसपास आणा.

व्हार्निशची चकाकी टाळायची सोपी युक्ती म्हणजे फोटो व्हार्निशच्या आधी काढणं. फक्त व्हार्निशनंतर गडद रंग आणखी खोल दिसतात, तेवढं वर्णनात घाला. दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर लावून चकाकी पूर्ण मारता येते, पण जाड रंगाचा उठावही त्याबरोबर मरतो. जाड काम असेल तर एक जादा फोटो घ्या: एकच दिवा, एका बाजूने, १५ अंशांवर. फटकाऱ्यांची उंची त्यातच दिसते.

---

पुठ्ठेबहाद्दर

बबल आत की बाहेर, हा प्रश्नच चुकीचा आहे. रंगाच्या पृष्ठभागाला काहीही टेकता कामा नये. ना बबल, ना सपाट बाजू, ना कागद.

कारण अॅक्रिलिकच्या स्वभावात आहे. वाळलेलं अॅक्रिलिक हे थर्मोप्लास्टिक आहे, उष्णतेने मऊ होतं. बंद गाडीत उन्हात तापमान सहज ५० अंशांच्या वर जातं. वर दुसऱ्या पार्सलांचा दाब. अशा वेळी चित्र दोन महिने वाळलेलं असलं तरी ठसा उठतो, मग पंधरा दिवसांचं काय घेऊन बसलात. शिवाय वरून कोरडं लागणं आणि आतून वाळणं यात फरक आहे. पाणी काही तासांत उडतं, पण आतले सावकाश उडणारे द्रावक निघून जायला आठवडे लागतात आणि पाच-सहा मिलिमीटरच्या थराला महिने. सर्वांत जाड जागी, कडेला कुठेतरी, नख हलकं दाबून बघा. खूण राहिली तर चित्र पाठवायला तयार नाही.

पाण्यातलं पॉलिमर व्हार्निश मऊ असतं आणि ग्लॉस असेल तर जास्तच चिकटतं. मिनरल स्पिरिटमध्ये (टर्पेंटाइनसारख्या द्रावकात) विरघळणाऱ्या अॅक्रिलिक रेझिनचं व्हार्निश जास्त कडक थर देतं. सॅटिन किंवा मॅट निवडलं तर चिकटणं आणखी कमी होतं. थंडीत उलटा धोका: पाच अंशांच्या खाली अॅक्रिलिक ठिसूळ होतं, तेव्हा कॅनव्हास वाकवायचा नाही, पाठीमागून ठोकायचा नाही.

५०×६० च्या चित्राचं पॅकिंग असं:

कोरुगेटेड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, ६०×७०. चित्र एकावर मधोमध, पाठ खाली. चारही बाजूंनी पॉलिथिन फोमच्या पट्ट्या बसवा आणि त्या चित्राच्या पातळीपेक्षा २ सेंमी वर येऊ द्या. म्हणजे वरचा पुठ्ठा पट्ट्यांवर टेकतो, चित्रावर नाही. आतला खड्डा रिकामाच राहतो. तिथे काही भरू नका. हात शिवशिवले तरी नाही. कोपऱ्यांना वेगळे फोमचे कोपरे, कारण पार्सल पडतं ते बहुधा कोपऱ्यावर. वरचा पुठ्ठा लावताना त्याच्या नाळ्या (पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी पन्हळी) खालच्या पुठ्ठ्याच्या नाळ्यांना आडव्या येतील असं बघा. दोन्हींच्या नाळ्या एकाच दिशेने गेल्या तर सगळं पुस्तकासारखं दुमडतं. मग हे सबंध पॉलिथिनमध्ये गुंडाळून टेपने बंद. यावर बबलरॅप मनसोक्त वापरा, आता तो चित्राच्या जवळपासही नाही. शेवटी बाहेरचं खोकं, मधल्या सांध्यावर आणि दोन्ही कडांवर टेप, म्हणजे इंग्रजी एच अक्षरासारखी.

खोकं हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडा आणि परत भरा. नवी पद्धत वापरत असाल तर आधी फसलेला जुना कॅनव्हास तसाच पॅक करून पाऊण मीटरवरून टाका: एकदा कोपऱ्यावर, एकदा कडेवर, एकदा सपाट. उघडल्यावर जे दिसेल तेच गिऱ्हाइकाला दिसणार आहे. "नाजूक" छापलेल्या लाल टेपवर मात्र पैसे घालवू नका. सॉर्टिंगच्या पट्ट्याला वाचता येत नाही.

काच लावून कधीही पाठवू नये. फ्रेम हवीच असेल तर अॅक्रिलिक शीट.

तैलरंगांबद्दल: पातळ थर साधारण ३ ते १२ दिवसांत हाताला कोरडा लागतो. अंबर आणि बाकीचे मातीचे रंग लवकर, कॅडमियम आणि आयव्हरी ब्लॅक उशिरा. अल्किड माध्यम मिसळलं तर एक-दोन दिवस. डॅमर (झाडाच्या रेझिनच्या) व्हार्निशला मात्र सहा ते बारा महिने थांबायचं. ताजं चित्र व्हार्निशविना पाठवा आणि तसं लिहून द्या. आणखी एक: जवसाच्या तेलातलं चित्र अंधाऱ्या खोक्यात फार दिवस राहिलं की पिवळट पडतं. उजेडात आल्यावर काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. ही ओळ पार्सलमधल्या चिठ्ठीत असू द्या, "रंग फोटोसारखा नाही" असा मेल येणं टळेल.

---

ओला_कॅनव्हास

@पुठ्ठेबहाद्दर, ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद चित्रावर ठेवून मग पुठ्ठा टेकवला तर चालेल का? फोमच्या पट्ट्यांनी खोकं जाड होतंय.

---

जलरंगी

ग्लासीन जलरंग, चारकोल, पेस्टल, गुवाश (अपारदर्शक जलरंग) यांच्यासाठी. अॅक्रिलिकवर तो गरम हवेत चिकटतो आणि ओरबाडून काढावा लागतो. टेकवणं टाळताच येत नसेल तर सिलिकॉन रिलीज पेपर. चिकटत नाही, पण दाबाचा ठसा तोही अडवणार नाही.

कागदावरच्या कामाचं गणित सोपं आहे. ३०० जीएसएमचा कागद, चार कोपऱ्यांना आम्लरहित कागदाचे त्रिकोणी कोपरे, त्यांनी आम्लरहित बोर्डावर अडकवलेला. चित्रालाच टेप लावायची नाही. वर ग्लासीन, पॉलिथिनची पिशवी, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा. बाहेरचा पुठ्ठा चित्रापेक्षा सगळीकडून ५ सेंमी मोठा, कारण मार कडेला बसतो.

---

त्रिज्या

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅनव्हास विकत घ्यायच्या आधी द्यायचं असतं. आधी खोकं ठरवा, मग चित्राचा आकार.

कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतं. व्हॉल्युमेट्रिक म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंमीत, भागिले ५०००. काही सेवा ६००० ने भागतात, आधी विचारून घ्या. वर सांगितलेल्या पद्धतीने एकाच ५०×६० च्या चित्राचे तीन प्रकार करून बघू:

ताणलेला कॅनव्हास: खोकं ६०×७०×१२, म्हणजे ५०,४०० भागिले ५०००, १०.०८ किलो. प्रत्यक्ष वजन तीनच्या आसपास. शिवाय बहुतेक कुरिअरवाले वरचा अर्धा किंवा पूर्ण किलो धरतात, म्हणजे ०.०८ साठी आणखी पैसे. उंची ११.५ केली तर ९.६६. अर्धा सेंमी फोम कमी करण्याचा असा फायदा असतो.

नळीत गुंडाळलेला: १५×१५×७०, ३.१५ किलो.

कागदावरचं, सपाट: ६०×७०×३, २.५२ किलो.

आता ८०×१००. खोकं ९०×११०×१२, म्हणजे २३.७६ किलो. त्यावर दुसरी अडचण. अनेक टपाल सेवा लांबी अधिक घेर ३०० सेंमीच्या आत मागतात. घेर म्हणजे २ × (रुंदी + उंची). इथे ११० + २×(९०+१२) = ३१४. बसत नाही. हेच चित्र ७५×९० असतं तर खोकं ८५×१००×१२ आणि बेरीज २९४, बसतं. भिंतीवर या दोन आकारांत डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही. पाठवण्याच्या खर्चात मात्र जाणवतो. ज्याचा मोठा माल ऑनलाइन जातो त्याने ८०×१०० हा आकार सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत.

गुंडाळून पाठवायचं असेल तर रंग बाहेरच्या बाजूला. आत ठेवला तर रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुत्या आणि भेगा पडतात. बाहेर असला तर थोडा ताणला जातो, तो ताण अॅक्रिलिक सोसतं. १० सेंमी व्यासाच्या नळीवर रिलीज पेपरसह गुंडाळा आणि ती १५ सेंमीच्या नळीत घाला. मोठ्या चित्राला दोन्ही व्यास वाढवा. नुसतं पातळ नळीत कोंबलेलं चित्र म्हणजे दोन सेंमीच्या वळणात पिळलेलं चित्र. जाड थर, टेक्स्चर पेस्ट, जुनं तैलचित्र यांना गुंडाळणं वर्ज्य. परत ताणायला चारही बाजूंना ५ सेंमी कोरा कॅनव्हास सोडायला विसरू नका, तो नसला तर घेणारा फ्रेमवाल्याकडून तुम्हालाच फोन करेल.

किंमत. दोन पद्धती चालतात: क्षेत्रफळ × दर, किंवा (उंची + रुंदी) × दर. ३०×४०, ५०×६०, ८०×१०० या तुमच्याच आकारांचं क्षेत्रफळ १२००, ३०००, ८०००. म्हणजे मोठं चित्र छोट्याच्या पावणेसातपट. बेरीज ७०, ११०, १८०. म्हणजे अडीचपटीहून थोडं अधिक. क्षेत्रफळाने लहान चित्रं इतकी स्वस्त पडतात की पॅकिंगचा वेळही निघत नाही, आणि मोठी कुणी घेत नाही. बेरजेच्या पद्धतीत मोठ्या चित्राचे कष्ट थोडे बुडतात, पण यादी पटण्यासारखी दिसते. ऑनलाइनसाठी बेरीज.

कमिशनमध्ये बरेच जण फसतात. ६०० हाती यायला हवेत आणि कमिशन ४० टक्के, तर किंमत ६०० × १.४ = ८४० नव्हे. ८४० मधून ४० टक्के गेले की ५०४ उरतात. ६०० भागिले ०.६ करा: १०००. गॅलरीच्या ५० टक्क्यांना भागिले ०.५, म्हणजे १२००. आणि हीच १२०० ची किंमत सगळीकडे ठेवा, स्वतःच्या वेबसाइटवरसुद्धा. गॅलरीत १२०० आणि ऑनलाइन १००० दिसलं की गॅलरी चित्रं परत पाठवते, आणि तिचं बरोबर असतं.

कुरिअर: लहान आणि मध्यम आकारांचं किमतीत मिसळा. मोठ्यांचं वेगळं, पण पानावरच आकडा दाखवा. "विचारा" लिहिलं की फार थोडे विचारतात.

---

पाचवा_कोपरा

वरच्यात न आलेल्या काही गोष्टी.

परदेशी पार्सलवर एचएस कोड (कस्टमसाठीचा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) बरोबर टाका. १ जानेवारी २०२२ पासूनच्या वर्गवारीत हाताने केलेली चित्रं, रेखाटनं, पेस्टल शंभर वर्षांपेक्षा जुनी नसतील तर ९७०१.९१. जुने कलाकार अजून ९७०१.१० लिहितात, तो कोड त्या दिवशी रद्द झाला. वर्णनात "आर्ट" किंवा "डेकोर" नको. "मूळ हस्तचित्र, कॅनव्हासवर अॅक्रिलिक, चित्रकाराकडून थेट" असं लिहा. नुसतं "डेकोर" वाचून अधिकारी ते छापील चित्रांत टाकू शकतो आणि शुल्काचा दर बदलतो. विकलेल्या चित्रावर "भेट" लिहू नका. खोटं तर आहेच, शिवाय हरवलं तर विमा भेट म्हणून लिहिलेल्या किमतीवरच थांबतो.

लाकडी क्रेट असेल तर आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का लागतो: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं, खूण एचटी (उष्णतेची प्रक्रिया). प्लायवुडला ही अट नाही, म्हणून क्रेट प्लायचीच करा. पण आतली ठोकळ्यांची पट्टी साध्या लाकडाची असेल तर तिला शिक्का हवा. सर्रास विसरलं जातं ते हेच.

पार्सलवर लिहिलेली "जाहीर किंमत" म्हणजे विमा नव्हे. कलाकृतींना बऱ्याच सेवांच्या अटींत वगळलेलं असतं किंवा तुटपुंजी मर्यादा असते. अटींमधलं तेवढं कलम वाचून घ्या. दाव्यासाठी पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याचा एक फोटो आणि विक्रीचं बिल ठेवा. घेणाऱ्याला आधीच कळवा की काही तुटलं असेल तर खोकं फेकू नये.

फसवणुकीचा एक साचा ठरलेला आहे. "माझ्या पत्नीला तुमची चित्रं फार आवडली, लग्नाच्या वाढदिवसाची भेट द्यायची आहे, आम्ही घर बदलतोय, आमचा माणूस चित्र घेऊन जाईल." मग किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा चेक येतो आणि उरलेले पैसे "त्या माणसाला" द्यायला सांगतात. चेक काही दिवसांनी परत जातो, तुमचे पैसे गेलेले असतात. मेलमध्ये चित्राचं नाव नसतं, मापाबद्दल एक प्रश्न नसतो. खरा घेणारा "मागे तार आहे का", "कडा रंगवलेल्या आहेत का" असलं काहीतरी विचारतोच.

कार्डाने आलेला पैसाही लगेच पक्का समजू नका. चार्जबॅकची (घेणाऱ्याने बँकेमार्फत पैसे परत घेण्याची) मुदत बहुतेक वेळा १२० दिवसांपर्यंत असते. पत्ता बिलाच्या पत्त्याशी जुळतो का बघा आणि सही घेऊनच माल द्यायला सांगा.

---

ओला_कॅनव्हास

८०×१०० चे चार कॅनव्हास कोरे पडून आहेत, ते आता ७५×९० वर उतरवतोय. @त्रिज्या, चौकटीच्या पट्ट्या कापून परत जोडायच्या, की नवी चौकट घ्यायची?

---

त्रिज्या

नवी घ्या. कापलेल्या टोकाला नवा ४५ अंशांचा जोड आणि खाच घरी अचूक येत नाही. कोपरा अर्धा अंश चुकला तरी कॅनव्हास ताणल्यावर चौकट पिळवटते आणि भिंतीवर एक कोपरा उचललेला राहतो. जुना कॅनव्हास मात्र वापरा: स्टेपल काढा, नव्या चौकटीवर मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे ताणत जा. जुन्या घडीची रेघ आता वळून कडेवर किंवा मागे जाईल. तिच्यावर प्रायमर तडकलेला असतो, म्हणून रंगवण्याआधी तिथे गेसोचा (पांढऱ्या प्रायमरचा) एक हात मारा.